चैत्रगौरीमागचा पांढरा उंदीर

झाशी, चैत्र सरत आला

प्रिय धाकट्या बहिणीस, म्हणजे अलकनंदेस, थोरल्या भानुमतीचे ओंजळभर आशीर्वाद. गुडघे कसे आहेत? तेल चोळतेस की नुसती बाटली उशाशी ठेवतेस? इथे ऊन असं आहे की छावणीच्या रस्त्यावरची कुत्री फक्त सावली बदलायला उठतात. माझी तब्येत उत्तम. (रक्तदाब आहे म्हणतात, पण तो डॉक्टरांना दिसतो, मला नाही.)

आता मुख्य गोष्ट. आपल्या शमिकेला नागपूरच्या मोठ्या प्रयोगशाळेतून बोलावणं आलं, आणि माझा रत्नाकर, म्हणजे तिचा बाप, हटून बसला की जायचं नाही. कारण काय, तर उंदीर. पोरगी इथल्या कॉलेजात पांढऱ्या उंदरांना, ती रसायनांपासून बनवून चोरून विकतात ना, तसली तरतरीची औषधं मोजून देते आणि ते काय करतात ते बघते. रत्नाकर रेल्वेच्या कारखान्यात सगळ्यांना सांगतो, मुलगी फार्मसीत आहे. मला म्हणाला, आई, उंदरांना नशा करायला एवढी शिकवली का मी? मी चौथी शिकलेली, मला काय कळणार? मी भाजी निवडता निवडता सगळं पोरीकडूनच समजून घेतलं.

अगं, काय मजेची गोष्ट आहे ती! औषध पोटात गेलं की उंदीर पिंजऱ्यात गरागरा फिरतो, एकच कोपरा हुंगत बसतो, मान हलवतो तर हलवतच राहतो, खाणं विसरतो, झोप विसरतो. (आपल्या आत्याबाई लग्नघरात अशाच व्हायच्या, आणि त्यांनी तर चहासुद्धा घेतलेला नसे.) आणि अंगातला ताप! गार खोलीत तेच औषध दिलं तर अंग फारसं तापत नाही, कधी उलट गारही पडतं. उकाड्यात दिलं की फणफणतं. त्यात एका पिंजऱ्यात दाटीने कोंबले तर आणखीच वाईट, दगावतातसुद्धा. उंदराचा ताप कुठून मोजतात ते मी विचारलं, पण ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तर आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. कलिंगडाचं कमळ कोरलं, डाळ वाटली, पन्हं केलं, पण गौरीच्या मागची भिंत मेली पोपडे सुटलेली. कपाटामागे एक मोठी गुंडाळी सापडली. उलगडली तर छानदार निळा कागद, मधोमध पांढराशुभ्र उंदीर, भोवती लाल रेघा. मला वाटलं, पोरीने आरास करून ठेवली आणि सांगायला विसरली! गौर म्हणजे गणपतीची आई, तिच्या पाठीशी लेकाचं वाहन, यापेक्षा शोभा ती कोणती? लावून टाकला. शमिका घरी आली तोवर चार बायकांनी उंदराला हळदकुंकू लावलेलं. ती दारातच किंचाळली, “आजी! ये तो मेरा पोस्टर है! परिषदेला न्यायचा आहे!” (मराठी तिला येतं, पण घाबरली की हिंदीत घाबरते.) मी म्हटलं, आता तो देवीचा झाला, उतरवलास तर बघ.

मग काय, बायका विचारू लागल्या, ही लाल रेघ कसली, ती वर का चढते. पोरगी सांगू लागली, उंदीर झोप-खाणं कसे विसरतात, उकाड्यात कसे तापतात. तेवढ्यात बिजली गेली. एवढ्याशा क्वार्टरात वीसेक बायका, जरीचे पदर, बंद पडलेला कूलर. खिडकीजवळच्या जागेवरून दोघींची अशी जुंपली की शमिका म्हणाली, आजी, यांना तर औषधही दिलेलं नाही.

सगळ्या हसल्या, फक्त लक्ष्मी गेटजवळ राहणारी शारदा हसेना. पन्ह्याचा पेला तसाच हातात. म्हणाली, “बिटिया, हमाओ सुजय भी ऐसई कर रओ है.” तिचा पोरगा सुजय, तो व्यायामवाला गं, कुणा दोस्ताकडून बिननावाची पुडी घ्यायचा. दोन दिवस झोप नाही, जेवण नाही, दात खातो, पत्र्याच्या खोलीत दार लावून दंड बैठका काढतोय. शमिकेचा चेहराच बदलला. अंग गरम लागतं का, एवढंच विचारलं, आणि रत्नाकर ड्यूटीवरून येऊन चपला काढत होता त्याला म्हणाली, “बाबा, काढू नका. गाडी काढा.”

बापाने त्या दिवशी पहिल्यांदा लेकीचं ऐकलं. पोरगा पत्र्याखाली भट्टीसारखा तापलेला, बडबडत होता. हिने त्याला सावलीत आणून ओल्या चादरीत घेतलं, पंख्याने वारा घालायला लावला, तसाच दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. आता घरी आहे, आईच्या शिव्या आणि डाळरोटी दोन्ही पोटभर खातो. रात्री रत्नाकर जेवायला बसला. मग म्हणाला, नागपूरची गाडी सकाळची बरी की संध्याकाळची? मी पोळीवर तूप जास्त वाढलं.

भावजींना नमस्कार. तुझी,
भानुमती

ता. क. रत्नाकरची एकच अट आहे, नागपुरात राहायचं ते तुझ्याकडे, मावशीआजीकडेच. तू फोनवर म्हणालीस, उंदरांना हात लावणारी मुलगी माझ्या सोवळ्यात चालणार नाही. अगं, ती हातमोजे घालते, कितीदा साबणाने हात धुते! तू दिवसभरात इतके धुतेस का, खरं सांग.

दुसरं ता. क. तू परत नाही म्हणशील म्हणून फोन केला नाही. पत्र पोस्टाने वेळ लावतं, म्हणून तिच्याच हाती दिलंय आणि बजावलंय, मावशीआजीचं वाचून होईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. तेव्हा आता चष्मा काढ आणि पोरीला आत घे. केव्हाची उन्हात उभी आहे.