पाचव्या जागची सुपारी

पौड, ता. मुळशी
रविवार, ५ एप्रिल १९५९

ती. सौ. रंभाकाकीस,

रत्नाचा पाया पडून नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तिकडे सूसला तुम्हीही ठीक असाल. इथवरचं गुरुजींनी शिकवलं तसं लिहिलं. ह्यापुढचं कोणी शिकवलेलं नाही, तेव्हा चुकेल.

तुला ‘तुम्ही’ लिहायला घेतलं होतं, पण हात वळेना. अडीच वर्षांत ‘तू’चं ‘तुम्ही’ होतं का? मी आपली तूच लिहिते. राग आला तर काकांना सांग, ते वाचतावाचता दुरुस्त करतील. आणि बहिरूकाका, पत्र तुम्हीच काकीला वाचून दाखवणार हे मला माहीत आहे. कंटाळा आला की तुम्ही मधलं गाळता. ह्या खेपेला गाळू नका.

आधी बातमी. भिवाजीदादाचं लग्न ठरलं. मुलगी भूगावची, लग्न वैशाखात. दादा दिवसातून तीनदा भांग पाडतो आणि आम्ही पाहिलं की गोठ्यात जातो. त्यामुळं मधल्या खोलीचा, म्हणजे तुझ्या खोलीचा, निकाल लागला. तुम्ही गेल्यावर ती मला मिळाली होती. पंधरा वर्षांच्या पोरीला स्वतःची खोली, असं आमच्या आळीत कुठंच नाही. मैत्रिणी नुसत्या बघायला यायच्या. पण काकी, त्या खोलीचं मी जे करून ठेवलं होतं ते तू पाहिलं असतंस तर केरसुणी माझ्याच पाठीत घातली असतीस. आई म्हणायची, “हितं म्हस हरवली तरी गावायची न्हाई.” आता तिथं वहिनी येणार म्हणून आईचा हुकूम सुटला: पाडव्याच्या आत खोली साफ करायची आणि एकटीनं करायची.

पहिल्या दिवशी मी नुसती उंबऱ्यावर बसून राहिले. कुठून हात घालावा तेच कळेना. गोधडी ओढली की खालून वह्या निघत, वह्या उचलल्या की खाली फुटक्या बांगड्या, त्याखाली माझं सातवीचं प्रगतिपुस्तक, जे हरवलं म्हणून मी गुरुजींच्या दोन छड्या खाल्ल्या होत्या. एका पोलक्यात उंदरानं संसार थाटला होता. दुपारपर्यंत मी खोलीतला पसारा ओसरीवर आणला आणि संध्याकाळी आईच्या धाकानं ओसरीवरचा खोलीत नेला. केलं काय, तर काही नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र गोधड्या नदीवर नेऊन आपटल्या. नंतर तुझी ती खिडकी. कधी उघडायची नाही ना? बिजागरीत रॉकेल घातलं, तासभर थांबले आणि खांद्यानं दणका दिला. उघडली! समोर आपला आंबा दिसतो हे मला माहीतच नव्हतं. मी दादाला बोलावून खिडकी तीन वेळा उघडून-मिटून दाखवली. तो म्हणाला, “लई मोठा गड घेतलास.” म्हणू दे. आज जमीन सारवली. तुझ्यासारखी, हाताचे अर्धगोल एकात एक काढत, दारापर्यंत मागं सरकत. आई आली, उभी राहिली आणि म्हणाली, “बरं सारवलंस.” आईच्या तोंडून ‘बरं’ म्हणजे काय असतं ते तुला सांगायला नको. मी उगाच शेण संपलं का ते बघायला बाहेर गेले, कारण रडू येत होतं. त्यात रडण्यासारखं काय होतं, तेही कळलं नाही.

तांबडीची पाडी मोठी झाली. आता तीच गाभण आहे. कोनाडा तेवढा राहिलाय. तो उद्या.


मंगळवार

पत्र पाकिटात घातलं नाही. काकी, मी खोटं लिहिलं. कोनाडा राहिला नव्हता. तो मी शनिवारीच आवरला होता. तोपर्यंत मला मजा येत होती.

कोनाड्यात सगळ्यात मागं माझ्या बाहुलीचं बोचकं होतं. त्याच्या मागं एक फडका, वाळून ताठ झालेला, चिंचेचा आणि राखेचा. मी तो केरात टाकणारच होते, पण जड लागला. उलगडला. आत आपल्या देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक होता.

काका, थांबू नका. वाचा.

टाक काळा पडला होता, पण घोडा दिसत होता. मी खाली बसले. ओल्या सारवणावर बसले असं लिहिणार होते, पण सारवलं ते त्याच्या दुसऱ्या दिवशी. बघ, मला आता साध्या गोष्टींचाही क्रम लागत नाही.

मला जेवढं आठवतं तेवढं सांगते. घटस्थापनेचा आदला दिवस होता. आईनं देव्हाऱ्यातले पाच टाक मला उजळायला दिले, तू चिंच भिजवून दिलीस. मी तुझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून घासत होते. चार झाले, पाचवा हातात होता, तेवढ्यात दादा ओरडला की तांबडी व्यायला लागली. मी फडक्यासकट तो कोनाड्यात सारला आणि पळाले. परत आले तेव्हा डोक्यात फक्त ती पाडी होती. ताटातले टाक उचलले आणि देव्हाऱ्यात ठेवले. रात्री आईनं विचारलं, पाचही ठेवलेस ना? मी म्हटलं, व्हय, मोजून ठेवले.

मी मोजले नव्हते. हे मला तेव्हा ठाऊक होतं का? शनिवारपासून मी स्वतःला हेच विचारतेय. कधी वाटतं, अजिबात ठाऊक नव्हतं. कधी वाटतं, सकाळी देव्हाऱ्यात चारच टाक बघून आई किंचाळली तेव्हाच मला आतून कळलं होतं. खरं कुठलं आणि मी नंतर रचलेलं कुठलं, ते मला वेगळं काढता येत नाही.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. वाटणीचं बोलणं नुकतं निघालं होतं आणि तू म्हणाली होतीस, मला दुसरं काही नको, खंडोबाचा टाक तेवढा द्या. तेच तुला नडलं. आबांनी भैरोबाला कौल लावला. गुरवानं देवाच्या दोन्ही अंगांना कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं: परक्याचा हात असेल तर उजवी दे, घरातला असेल तर डावी दे. डावी पडली. सगळ्यांनी तुझ्याकडं पाहिलं. मीपण पाहिलं, काकी. घरातली तर मीही होते, पण ते कोणाच्या डोक्यात आलं नाही. देव खरं बोलला. पण टाक मुळात चोरीला गेलाय का, हे त्याला कोणी विचारलंच नाही.

मग तुझी ट्रंक अंगणात पालथी केली. तुझं लग्नातलं लुगडं धुळीत पडलं होतं, ते मी उचललंसुद्धा नाही. आबांनी भंडारा पुढं धरला, उचलून शपथ घे म्हणाले. तू म्हणालीस, “ज्याच्या नावाचा भंडारा हाय त्याला ठावं हाय. मी उचलनार न्हाई.” सगळ्यांना ती कबुलीच वाटली. आठव्या दिवशी तुम्ही गेलात आणि नवव्या दिवशी खोली मला मिळाली. मला आनंद झाला होता. हेही लिहायला हवं, म्हणून लिहिते.

शनिवारी माझ्या मनात आलं, टाक गुपचूप देव्हाऱ्यात ठेवावा. त्याच्या जागी आई सुपारी मांडून पुजते, तिच्या शेजारी. देव परत आला म्हणतील, सगळे खूश. म्हणून भाकरी थापताना आईला सहज विचारलं, खंडोबाचा टाक सापडला तर गं? आई म्हणाली, “सापडंल कसा? ज्यानं नेला त्यानं आनून ठिवला तरच.” आणि मग तव्याकडं बघत म्हणाली, “तिनं ठिवला तर म्हनीन, उशिरा का हुईना, लाज आली.”

म्हणजे मी तो गुपचूप ठेवला असता तर तू दुसऱ्यांदा चोर ठरली असतीस. टाक माझ्या कमरेला बांधलेला आहे. काय करू ते कळत नाही. तुलाच विचारणार होते, पण तुला कुठल्या तोंडानं विचारू?


शुक्रवार, १० एप्रिल

काल पाडवा झाला. गुढी उभी राहिली, आबांनी नारळ फोडला. नैवेद्य दाखवायला सगळे देव्हाऱ्यापुढं आले तेव्हा मी टाक सोडला आणि पाटावर ठेवला.

आईनं आधी टाकाला हात जोडले. मग विचारलं, “कुणाच्या हाती धाडला तिनं?”

मी म्हटलं, “कुनी धाडला न्हाई. कोनाड्यात व्हता. मीच ठिवला व्हता. मी पाच म्हनले, पन चारच ठिवले व्हते.”

आई म्हणाली, “तू तिची लाडकी. तिला वाचवाया बोलतीस.”

हे मात्र मला सुचलंच नव्हतं. खरं सांगितलं की लोक ऐकतात, एवढंच मला वाटत होतं. मी फडका दाखवला, पाडीची गोष्ट सांगितली, माझं मलाच ते रचल्यासारखं वाटायला लागलं. मग आबांनी भंडाऱ्याची वाटी पुढं केली. तीच वाटी. निम्मा भंडारा सारवलेल्या जमिनीवर सांडला. पण मी उचलला.

आबांनी डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. एवढंच म्हणाले, “आठ दिसांत घर सोडलं त्यानं. धाकटा भाऊ माझा.” आणि जेवायला उठले नाहीत. आईनं माझ्यावर हात उगारला आणि तसाच खाली घेतला. मारलं असतं तर बरं झालं असतं.

आज सकाळी आईनं टाक उजळला. मला हात लावू दिला नाही. पाचव्या जागेवरची सुपारी काढली. अडीच वर्षांच्या कुंकवानं ती लालभडक झालीय. आईनं ती धुतली नाही, पदराच्या गाठीत बांधली आणि म्हणाली, “हिचं देवाचं काम सपलं. लग्नाच्या आवतनाची पैली सुपारी रंभाला. मी सोता घिऊन जाईन.” मग चुलीकडं तोंड करून म्हणाली, “तू पत्र लिहितीस ना, मला दिसतंय समदं. ती दार उघडंल का, तेवढं इचार.”

तर विचारते. आई पुढच्या रविवारी येईल. ती चुकले म्हणणार नाही, तिला ते येत नाही. सुपारी पुढं करून उभी राहील. आईची चूक मोठी की माझी, हे मला अजून ठरवता येत नाही. पण दार आईसाठी उघड. माझं नंतर बघ, किंवा बघू नकोस.

तुझी खोली स्वच्छ आहे. खिडकी आता एका हातानं उघडते. कोनाड्यात मी काहीही ठेवलेलं नाही.

चार ठेवून पाच सांगणारी,
रत्ना