लहान मापाची शिलाई

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या चरणी (गुडघ्यांमुळे ते सध्या स्टुलावर असतील, तिथपर्यंत वाकून) साष्टांग नमस्कार. भावजींचा खोकला कसा आहे? इकडे मी ठीक. तुझी लेक मुंगीही ठीक. डावा डोळा थोडा सुजलाय, पण उजव्या बाजूने पाहिलं तर काही कळत नाही.

तुझं बजावणं ध्यानात आहे. या वेळी मानधन वाढलं नाही तर मुंगीने किकबॉक्सिंगचे हातमोजे खुंटीला टांगून घरी यायचं आणि भावजींच्या ऑफिसात चिकटायचं. हे ऐकल्यापासून पोर धड जेवली नाही. (तशी वजन करायच्या आधी ती जेवत नाहीच, पण या वेळी दुःखाने जेवली नाही.) म्हणून शिलाई मशीन सोडून जगात काहीही न चालवलेला मी, तिचा मामा, तिच्याबरोबर लढती भरवणाऱ्या मालकाकडे बोलणी करायला गेलो.

त्याचं ऑफिस टायरच्या गोदामावर. भिंतीवरच्या जाहिरातीत जड गटातले गडी पार दारापर्यंत पसरलेले आणि मुंगी खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी. मालक म्हणाला, लोक धिप्पाड माणसं बघायला येतात, हलक्या गटाला पैसेही हलकेच. माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, मी शिंपी आहे. लहान मापाला कापड कमी लागतं, शिलाई कमी लागत नाही, उलट डोळे जास्त फुटतात. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हटलं. त्यावर त्याने शांतपणे विचारलं, मग माझ्या कोटाला पोटाचे जादा पैसे का लावलेस? (तो माझं जुनं गिऱ्हाईक आहे, हे मी रागात विसरलो होतो.) टेबलाखालून मुंगीने लाथ मारली. ताई, त्या लाथेचं मोल वाढायलाच हवं, हे मी आता अनुभवाने सांगतो.

मग तीच बोलली. मागच्या वेळी दोन धिप्पाड भिडले आणि लोक चहा घेऊन परत येईपर्यंत एक जण आडवा झालेला. निम्मं सभागृह पैसे परत मागत होतं. तिची लढत मात्र शेवटच्या फेरीपर्यंत चालली आणि एकही माणूस खुर्चीवरून उठला नाही. मालक करवादला, उठले नाहीत म्हणूनच माझा चहा खपला नाही. (चहाचा स्टॉलही त्याचाच.) मुंगी म्हणाली, मग मला सगळ्यात शेवटी ठेवा, धिप्पाडांच्या वेळी चहा विका, माझ्यासाठी लोक थांबतील. मालकाने पोटावर हात ठेवून बराच विचार केला आणि जड गटाइतकं मानधन कबूल केलं. अट एकच, यापुढे पोटाचे जादा पैसे नाहीत. मी हो म्हटलं.

तेव्हा भावजींना म्हणावं, ऑफिसात दुसरं कुणीतरी चिकटवा.

तुझा, पोटावरच्या कमाईला मुकलेला,
धाकटा भाऊ

ता. क. जड गटाइतकं लिहिलंय ते पुरतं खरं नाही. मालक तेवढे देत होता, पण सही करताना मुंगीने आपणहून थोडे सोडले आणि त्या बदल्यात पहिल्या रांगेतली एक खुर्ची कायमची मागून घेतली. मी तिला वेड्यात काढलं. तर म्हणते कशी, आई कधी आली तर तिला मागून दिसायचं नाही.

आणखी एक. तू आजवर तिची एकही लढत पाहिलेली नाहीस. त्या खुर्चीला मी गादी शिवली आहे आणि पायांसाठी पुढे स्टूलही ठेवतोय. डोळे मिटून बसलीस तरी चालेल, पण ये. तू नाही आलीस तर मालक तिथे बसणार म्हणतो, आणि गादी मी तुझ्या मापाची शिवली आहे.