दुसऱ्या रिमोटवरचा पाहुणा

१ एप्रिल, बुधवार

आज नोकरीवर हजर झालो. पवनानगरच्या पुढे, धरणाच्या काठावर बंगला आहे. जीपवाल्याने अगदी फाटकापर्यंत सोडलं, पिशवीही उतरवून दिली. जागा छान. समोर पाणी, मोकळी हवा, मला वेगळी खोली आणि तिला पंखा. देहूरोडच्या डेपोत खोकी उचलण्यात जन्म गेला, त्यामानाने हे काम म्हणजे आरामच. आकाश म्हणून लोणावळ्याचा एक जण बुकिंग बघतो, त्याने सगळं फिरून दाखवलं. शनिवार-रविवारी पाहुणे असतात, बाकीचे दिवस मी एकटा. खालच्या वस्तीतून बयाबाई सकाळी झाडलोटीला येते आणि दुपारच्या आत जाते.

एकाच गोष्टीची धास्ती आहे. हॉलमध्ये मोठा टीव्ही आणि त्याला गेम खेळायचा डबा जोडलेला आहे. पाहुणे गेले की प्रत्येक गेम लावून बघायचा, दोन्ही रिमोट चालतात का ते तपासायचं. मागे एक रिमोट बंद निघाला, पाहुण्यांनी इंटरनेटवर वाईट लिहिलं आणि माझ्याआधीच्या माणसाला काढलं, असं आकाश सहज बोलून गेला. सहज कसलं, मला ऐकवायलाच असेल. मी सातवी शिकलेला. इंग्रजी अक्षरं ओळखतो, शब्द वाचता येत नाहीत. बटण दाबून काही जळलं तर?

मुलीला, सविताला, फोन केला. ती म्हणाली, तुमच्या नातीला विचारा. पिंकी आठ वर्षांची, पण तिने फोनवरून सगळं शिकवलं, वर मला दोनदा बावळट म्हणाली. परीक्षा संपली की अठरा तारखेला दोघी इकडे राहायला येणार. त्या दिवशी बुकिंग नाही, आकाशने परवानगी दिली. सुट्टीत नात माझ्याजवळ राहील. तेवढ्यासाठी तरी ही नोकरी टिकली पाहिजे.

६ एप्रिल, सोमवार

पाहुणे सकाळी गेले. चादरी बदलल्या आणि गेम तपासायला बसलो.

गाड्यांच्या शर्यतीत मला वळण आलं की ब्रेक दाबावासा वाटतो. मागचे ठोकून पुढे जातात. आठ गाड्यांत आठवा आलो. फुटबॉलमध्ये बावीस जणांत आपला कोणता हे कळेपर्यंत गोल झाला. मारामारीच्या गेममध्ये समोरच्याने आपलं काही वाकडं केलेलं नसताना त्याला लाथा घालायच्या. त्यात मनगट भरून आलं. तलवारीच्या गेममध्ये पुलावर एक राक्षस उभा असतो. त्याने इतक्या वेळा मारलं की शेवटी मीच कंटाळून त्याच्यासमोर जाऊन उभा राहू लागलो. एवढं थकून लोक कशाला खेळतात देव जाणे.

शेतीचा गेम मात्र बरा आहे. मुळा तीन दिवसांत येतो. पाऊस वेळेवर, रानडुकरं नाहीत, बियाणं खोटं निघत नाही. असली शेती असती तर मी डेपोत कशाला गेलो असतो? तळं आहे, मासे धरता येतात. रिमोट हातात थरथरला की आखडलेली बोटंही जरा सुटतात. तपासणी झाली तरी तासभर खेळत बसलो. वीज जळते म्हणून पंखा बंद ठेवला.

८ एप्रिल, बुधवार

दुपारी आमटीभात घेऊन टीव्हीसमोर बसलो. एकट्याने खोलीत जेवायचा कंटाळा येतो. शेतीच्या गेममध्ये तळ्याच्या काठाला एक म्हातारा पाठमोरा बसलेला दिसला. गेममधली बाकीची माणसं गवती टोप्या आणि बूट घातलेली. ह्याच्या डोक्याला मुंडासं आणि खांद्यावर घोंगडी.

समोर माणूस बसलेला असताना आपण घास कसा घ्यायचा? सवयीने तोंडातून गेलं, या जेवायला. माझं मलाच हसू आलं. तेवढ्यात सोफ्यावरच्या दुसऱ्या रिमोटचा निळा दिवा लागला. बहुतेक माझा गुडघा लागला असेल.

१० एप्रिल, शुक्रवार

उद्या पाहुणे, म्हणून पुन्हा सगळे गेम लावले. शर्यतीत वळणावर बघ्यांच्या गर्दीत मुंडासं दिसलं. फुटबॉलच्या रिकाम्या कट्ट्यावर एकच माणूस बसला होता, घोंगडी पांघरून. आधीच्या कुणा पाहुण्याने काही करून ठेवलं असेल. हल्ली पोरांना सगळं येतं.

शेतीत आता तो माझ्याबरोबर काम करतो. मी पेरलं की तो पाणी घालतो. दुसरा रिमोट सोफ्यावर पडल्या पडल्या थरथरत असतो. खोटं कशाला लिहू, सोबत बरी वाटली. जेवताना रोज त्याला या म्हणतो. भात मात्र पुरत नाही. नेहमीएवढाच शिजवतो, तरी ताट लवकर रिकामं होतं आणि भूक तशीच राहते. वयाने असेल.

१३ एप्रिल, सोमवार

आज टीव्हीवर अक्षरं उमटली. गेममध्ये सगळं इंग्रजीत येतं, ही मराठीत होती. कुटं ऱ्हाता, असं विचारलं होतं. मला इतका आनंद झाला, शाळेतून घरी आल्यासारखा. मी मोठ्याने म्हणालो, देहूरोडला. मग आलं, घरी कोन कोन? सांगितलं, मुलगी सविता, नात पिंकी. अठराला येणार आहेत. पिंकीला चिक्की आवडते, लोणावळ्याहून आणून ठेवायची आहे. आमच्या घरी पंगतीला सगळे बसल्याशिवाय कुणी घास उचलत नाही, पिंकी मुद्दाम उशीर करते, हेसुद्धा सांगितलं. बोलत बसलो.

संध्याकाळी आकाशला फोनवर विचारलं, गेम मराठीत केव्हा केले? तो हसला. म्हणाला, काका, एकही गेम मराठीत नाही.

१४ एप्रिल, मंगळवार

डबा लावला नाही. पवनानगरातून जयंतीच्या मिरवणुकीचे भोंगे दिवसभर ऐकू येत होते. माणसांचा आवाज बरा वाटला.

धरणाचं पाणी बरंच मागे गेलंय. बंगल्याच्या खाली चिखलातून एका घराचं जोतं वर आलंय. मधोमध दगडी उखळ, एका बाजूने फुटलेलं.

१५ एप्रिल, बुधवार

बयाबाईला सगळं सांगितलं. तिने झाडू खाली ठेवला. धरण झालं तेव्हा तिचं सासर पाण्यात गेलं. काठावरचे लोक जेवायच्या आधी एक घास काढून पाण्याकडे ठेवतात आणि मग गप जेवतात, असं तिने सांगितलं. मी कधी घास काढला नाही. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"घास ठेवायचा, पर या म्हनायचं न्हाई," ती म्हणाली. "तुमी त्याला रोज जेवाया घातलं, भाऊ. ज्यानं खाल्लं त्यो बोलावनं धाडल्याबिगर ऱ्हातोय व्हय?"

गेलं नाही तर काय, ते मी विचारलं. न जाणाऱ्याला तो न्यायला येतो, म्हणाली. उद्यापासून ती येणार नाही.

दुपारी डबा आपोआप सुरू. शेताच्या कडेला एक घर उभं होतं. मी बांधलेलं नाही. अंगणात उखळ, एका बाजूने फुटलेलं. ओसरीवर दोन ताटं मांडली होती.

अक्षरं आली. आता तुमी या.

१६ एप्रिल, गुरुवार

डब्याची वायर काढून कपाटात ठेवली. तरी टीव्हीवर ते घर. दुसऱ्या रिमोटचा दिवा चालूच.

माझ्या जेवणाला चव नाही. मीठ टाकलं, परत टाकलं. घास तोंडाशी नेईपर्यंत भात संपलेला –

आज तीन ताटं. तिसरं लहान. त्यात चिक्की.

मीच सांगितलं होतं.

१७ एप्रिल, शुक्रवार

सविताला फोन केला, येऊ नका. ती चिडली. आबा, तुमचं नेहमीचंच, म्हणाली. आधी गॅसची काळजी, मग बिबट्याची, आता हे. पिंकीने पिशवी भरून दाराशी ठेवलीय म्हणे. खरं काय ते सांगितलं.  सविता म्हणाली, डॉक्टरला दाखवू, आम्ही येतोच.

म्हणून ठरवलं आपणच निघायचं. नोकरी गेली तर गेली. कपडे भरले, फाट्यापर्यंत चालत गेलो. जीपमध्ये बसताना पिशवी थरथरली. कपड्यांत दुसरा रिमोट. मी घेतला नव्हता. निळा दिवा.

घरी गेलो तर हा घरी येणार. पिंकी जिथे झोपते तिथे –

परत आलो, रिमोट सोफ्यावर टाकला. दमलो. पाय उचलत नाहीत. बोलावणं मला आहे, मीच जातो. उद्या त्या यायच्या आत जेवून मोकळं व्हायचं. मग लहान ताटाचं काम उरणार नाही. एकच म्हातारा जाईल, त्यात काय एवढं.

१८ एप्रिल, शनिवार

सविताचा फोन. कामशेतला उतरल्या, जीप मिळाली. दाराला आतून कडी लावलीय. डाव्या हातात रिमोट, उजव्यात पेन. काय झालं ते सविताला कळावं म्हणून लिहितो.

टीव्हीतल्या त्या घराचा उंबरठा ओलांडला. पाय धुवायला पाणी दिलं. माझे खरे पाय ओले झालेत.

त्याने पाटाकडे बोट केलं. बसलो. वाढलं. भाताची वाफ, खरा वास – किती दिवसांनी –

घास उचलला. त्याने मनगट धरलं. इथे. माझंच. त्याचा हात गार, ओला, चिखलासारखा –

अक्षरं. समदी बसल्याबिगर न्हाई.

मला हे कसं सुचलं नाही. माझ्याच घरची रीत. मीच त्याला –

उठता येत नाही. लहान ताट तसंच आहे. तो दाराकडे बघतोय.

जीप थांबली. फाटक वाजलं. पिंकीची हाक.

येऊ नको म्हणून ओरडतोय. माझा आवाज टीव्हीतून येतोय. ती हसतेय, तिला खेळ वाटतो –

सोफ्यावर दुसरा रिमोट नाही.

कडी मी लावली होती. लावली होती. आता ती काढली कुणी –

पिंकी दारात कुणाशी बोलतेय. आई, हे मुंडासंवाले आजोबा बघ ना, म्हणतेय. ते म्हणतात या जे