आंतरविद्याशाखीय हौद

तीर्थरूप मामा,

जावई पंडित याचा नमस्कार पोचावा. तुमच्या लेकीचाही सोबत धाडला असता, पण आत्ताच नळाला पाणी आलंय आणि ती हंडे घेऊन धावली आहे. तिचा नमस्कार पाणी गेल्यावर येईल. तुमचा गुडघा कसा आहे? अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधता, की मामी म्हणतात तसा तो खुंटीलाच आहे? सोसायटीचं दूध या दुष्काळात आटलं असेल, तरी तुमचं चेअरमनपद शाबूत आहे हे वाचून आनंद झाला.

संक्रांतीला तुम्ही चार पाहुण्यांत विचारलंत, "जावईबापू, तुमी नेमकं शिकवता काय?" आणि मी तोंडात तिळगूळ असल्याचं दाखवून वेळ मारून नेली. मामा, खरं सांगायचं तर मलाही तेव्हा कळत नव्हतं. पूर्वी मी पंप शिकवायचो. पाणी खालून वर कसं न्यावं, एवढाच माझा विषय. (खाली पाणीच नसेल तर काय न्यावं, हे अभ्यासक्रमात नव्हतं. पोरं विचारायची.) मग विद्यापीठानं इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंट एका इमारतीत कोंबून 'व्यवस्थापन व तंत्रज्ञान संकुल' काढलं. आमचे संचालक मोहनराव यांनी जाहीर केलं की यापुढे कुठलाही विषय एकटा राहणार नाही. शिकवणं आणि संशोधन, दोन्ही आंतरविद्याशाखीय होणार. (हा शब्द मला अजून एका दमात येत नाही. मध्ये कुठंतरी श्वास घ्यावा लागतो.)

माझ्या जोडीला मॅनेजमेंटच्या सुभद्रा मॅडम आणि समाजशास्त्राचे सुग्रीव सर दिले, आणि विषय दिला 'दुष्काळ व सहकार'. आमच्या बैठका फार गोडीत झाल्या. 'प्रवाहाचा अभ्यास करायचा' यावर तर तिघांचं पहिल्याच दिवशी एकमत झालं. पुढं बऱ्याच दिवसांनी उघडकीला आलं की प्रवाह म्हणजे मी पाणी समजत होतो, मॅडम रांग समजत होत्या, आणि सुग्रीव सर ऊसतोडीला जाणारी माणसं. पण तोवर प्रकल्प मंजूर झाला होता.

ठरलं असं, की शिरूर कासारच्या बाजूला एका दूध सोसायटीनं चारा छावणी चालवली आहे, तिथं मी तयार केलेला आपोआप चालणारा नळ हौदाला बसवायचा. छावणीच्या जनावराच्या कानातला बिल्ला ओळखून नळ उघडेल, त्याच्या वाट्याचं पाणी देईल आणि बंद होईल. मॅडम रांगेचं निरीक्षण करणार, सुग्रीव सर माणसांना प्रश्न विचारणार आणि विद्यार्थी हे सगळं बघून शिकणार. फक्त आम्ही येतोय हे छावणीला कळवायचं काम प्रत्येकाला दुसऱ्याच्या विद्याशाखेतलं वाटलं.

आमची गाडी थांबली तर समोर हलगी! सोसायटीचे चेअरमन विठ्ठलराव हार घेऊन उभे. मला वाटलं, विद्येचा केवढा हा मान. (मॅडमनी तर दोन शब्द बोलूनही घेतले.) खरा प्रकार असा होता, की जनावरं कमी भरली तर छावणी बंद करायची म्हणून तालुक्याचं तपासणी पथक त्याच दिवशी यायचं होतं. विठ्ठलरावांनी आदल्या दिवशीच शेजारच्या गावांतली जनावरं आणून दावणीला उभी केली होती, आणि आता आम्हालाच ते पथक समजले होते.

आता माझा नळ. पहिली म्हैस आली, नळ उघडेना. दुसरी आली, उघडेना. मागं रेडे, बैल, गाई, सगळ्यांनी माना पुढं काढलेल्या आणि नळ गप्प. हौदावर सुंदरबाई नावाच्या बाई होत्या, त्या कमरेला पदर खोचून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सायेब, ह्यो नळ कावून बंद हाय?"

मी म्हटलं, "बंद नाही बाई. तो ओळख पटवतोय."

"कुणाची? म्हशीची?"

"हो."

"मंग मला इचारायचं की! ही म्हस आमची न्हाईच. ती बी न्हाई. त्या पल्याडच्या सगळ्या कालच आल्यात."

विठ्ठलरावांचा चेहरा पांढरा पडला. सुग्रीव सरांनी मात्र 'आपले-परके' असं काहीतरी आनंदानं टिपून घेतलं. विठ्ठलरावांनी मला कडब्याच्या गंजीमागं नेलं आणि हात धरला. "सायेब, बाईच्या बोलन्यावर जाऊ नका. अर्धं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला गेलंय. मागं म्हातारी मानसं आन् ही जनावरं राहिलीत. छावणी मोडली तर समदी बाजारात जात्याल हो." मामा, मी शपथेवर सांगितलं की आम्ही पथक नाही, प्राध्यापक आहोत. ते म्हणाले, "मागल्या पथकानं बी आदी असंच सांगितलं हुतं." पंपाच्या पुस्तकात यावर काही नाही.

तेवढ्यात मागं आरडाओरडा झाला. एका म्हशीनं वाट बघणं सोडून नळाला डोकं लावलं होतं. नळ वाकला तो वाकलाच. ना उघडे, ना निघे. सुंदरबाईंनी टँकरची तोटी सोडली आणि बादल्या आमच्या पुढ्यात आपटल्या. "मास्तर हाय ना तुमी? धरा मंग." आम्ही धरल्या. मॅडमची रांग पार मोडली, सुग्रीव सरांचे प्रश्न पाण्यात भिजले, आणि आम्ही घामाघूम होऊन म्हशींना पाणी पाजू लागलो. विद्यार्थी आमच्यापेक्षा बरे निघाले, त्यांच्या घरी जनावरं आहेत.

अशात खऱ्या पथकाची जीप आली. विठ्ठलराव चहा सांगायला गेले होते. सुंदरबाईंना वाटलं, राहिलेले मास्तर आले. पथकाचे साहेब तोंड उघडायच्या आत त्यांच्या हातात बादली होती. आणि मामा, त्या माणसानं खरोखर बाह्या सरसावून तीन-चार बैलांना पाणी पाजलं, मग शांतपणे विचारलं, "बाई, ही सगळी जनावरं छावणीतलीच का?" विठ्ठलराव चहासकट धावत आले, पण उशीर झाला होता. सुंदरबाई म्हणाल्या, "न्हाई सायेब. शेजारच्या गावची हायत. तिकडं छावणी न्हाई, पानी बी न्हाई. आली तशी मालकं बी हितंच बसल्यात, माघारी न्यायचं नाव काडीनात."

साहेबांनी रिकामी बादली पुन्हा तोटीखाली धरली. मग म्हणाले, "मग परत कशाला नेता? बिल्ले मारा आणि इथंच राहू द्या." छावणी राहिली. विठ्ठलराव खाली बसले आणि उपरण्यात तोंड घालून रडले. सुंदरबाई त्यांना म्हणाल्या, "रडून पानी वाया कावून घालवता?"

संकुलात परतल्यावर मोहनरावांनी निष्कर्ष विचारला. मी म्हटलं, नळ मोडला. मॅडम म्हणाल्या, रांग मोडली. सुग्रीव सर म्हणाले, आपल्या-परक्यातली भिंत मोडली. संचालकांनी तिन्ही वाक्यं जोडली, वर अवघड नाव दिलं आणि आमचं अभिनंदन केलं. कशाचं, ते मला अजून नीट समजलेलं नाही, पण पेढा घेतला.

मामींना नमस्कार, आणि पट्टा बांधत चला.

आपला,
पंडित

ता.क. : हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे, कसलंही काम नाही.

ता.क. दुसरा : काम एवढंच, की या यशामुळे आता मला पंपाऐवजी 'सहकार' शिकवायला लावलंय. परवा वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, सोसायटी नेमकी कुणाची असते?" मी "उद्या सांगतो" म्हणालो आणि रजा टाकली. तुम्ही इतकी वर्षं चेअरमन आहात, तेव्हा खरं उत्तर उलट टपाली कळवावं. वार्षिक सभेत सांगता ते 'सभासदांची' वगैरे नको, ते त्या मुलीला पाठ आहे. आणि तुम्हालाही माहीत नसेल तर तसं स्पष्ट लिहा. म्हणजे निदान तुमचा दाखला देऊन तेवढं तरी मला शिकवता येईल.