मसाल्याचा वास

मंगळवार, संध्याकाळ

ह्यांच्या पार्किन्सनसाठी आज सांगलीला गेलो होतो. हा आजार कशाने सुरू होतो, यावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हात थरथरायच्या आधी वास यायचा कमी झाला होता का?"

"व्हय, लय वर्सं झाली," हे म्हणाले.

पुष्कळांचं असंच होतं म्हणे. रोग नाकाजवळूनच सुरू होतो का, हेच त्या शोधताहेत.

मी मात्र त्या जुन्या करपलेल्या मसाल्यापाशीच अडकले. काही वर्षांपूर्वी एकदा कढईतला मसाला करपला तरी हे शेजारी पेपर वाचत बसले होते. किती बोलले होते मी! पुढे जेवणाचं कौतुकही थांबलं, तेव्हा वाटलं, माझाच कंटाळा आला.

"आवं, मग सांगितलं का न्हाई?"

"मला वाटलं, तुझाच मसाला मिळमिळीत झालाय."

भर दवाखान्यात हसू फुटलं, डोळेही भरले. आजार आहे तो आहेच. पण ह्यांना माझा कंटाळा आला नव्हता.