दार पूर्वेलाच

दिघोरी, शनिवार संध्याकाळ

शेवटचा खुंटा ठोकला आणि लक्षात आलं, रस्त्याकडून आत यायला वाटच नाही. उद्याच्या उपासनेसाठी बायबलमधल्या मोशेच्या निवासमंडपासारखा, म्हणजे देवाच्या तंबूसारखा मांडव. शास्त्रात दार पूर्वेला, म्हणून आमचंही पूर्वेलाच. तिकडे धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, गुडघाभर चिखल. आईची चाकांची खुर्ची कशी जाणार?

चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "आईले बाहेर बसवा न ताई. माईकवर सगळं ऐकू येते."

"माईकवर!" मी चिडले. लोक तंबूत राहत होते, म्हणून देवही तंबूत राहिला, त्यांच्याबरोबर चालला. उद्या प्रवचनात मला एवढंच तर सांगायचंय. आणि आम्ही? दार पूर्वेलाच.

मांडववाले देवचंदभाऊ कनात ताणत हसले. "कायले भांडता ताई? मांडवच हाये. खुंटा काढला का झालं दार."

तरी खुंटा तसाच ठेवून मी घरी आले. का? पाळकसाहेबांना दुखवायचं नव्हतं, आणि आई मात्र बाहेर बसलेली चालली असती?

रविवार. सकाळी रस्त्याकडचा खुंटा मी उपटला, कनात वर धरली, आईला आत नेलं. पाळकसाहेब बघत होते. मग चिखल टाळून तेही तिथूनच आत आले.