मातीच्या भिंतीवर सिमेंट

धम्मदीप,

मंगळवारी शहपुऱ्याच्या शेतावर गेलो तेव्हा कळलं. आपल्या शेतघराच्या मातीच्या भिंतींवर तू सिमेंट थापून घेतलं. मिस्त्री वर मलाच सांगतो, "बाबूजी, अब सौ साल नहीं हिलेगी." अरे, सिमेंटाखाली माती ओल धरते, फुगते आणि एका पावसात खाली बसते. तुझ्या आजोबांचं हे घर तुझी आई दर साल पांढऱ्या छुईमातीनं पोतारायची, म्हणून साठ वर्षं टिकलं. काहून नाही विचारलं मला? मी मेलो होतो का? म्हणे, घर वाचवून राहिलो!

आईला जाऊन चार महिने झाले. तिच्या बोटांच्या रेघा त्या भिंतींवर होत्या. सिमेंट काढताना त्याही निघून येतील.

पहिल्या बसनं शेतावर चाललो. छिन्नी-हातोडा सोबत घेतला आहे. फोन करू नको, उचलणार नाही. पायल सूनबाईनं केलेला डबा घेतला, तिला सांग. यायचं असेल तर मिस्त्री आणू नको, स्वतः ये. पावसाला वीस दिवस आहेत आणि चारही भिंती खरवडायच्या आहेत.

बाबा